विषाणुजन्य यकृतदाह आणि खड्यांविना होणारा पित्ताशयदाह

प्रस्तावना

'कावीळ' हा शब्द मराठीत रोगाचे नाव म्हणून रूढ असला, तरी शास्त्रीय दृष्ट्या ते केवळ एक लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन या रंगद्रव्याचे प्रमाण वाढले की डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. या वाढीची दोन कारणे विशेष परिचित आहेत. एक, यकृताला झालेला विषाणुसंसर्ग. दुसरे, पित्तखड्यामुळे पित्तमार्गात आलेला अडथळा. पहिल्यात बहुधा विश्रांती व देखरेख पुरेशी ठरते, दुसऱ्यात अडथळा काढून टाकावा लागतो. परंतु क्वचित असा रुग्ण येतो, की ज्याला विषाणुजन्य यकृतदाह असतो, पित्ताशयात एकही खडा नसतो आणि तरीही पित्ताशयाचा तीव्र दाह झालेला असतो. प्रस्तुत लेखात या दुर्मीळ गुंतागुंतीची कारणमीमांसा आणि तिच्यामुळे उपचारात निर्माण होणारा पेच यांचा विचार केला आहे.

पित्ताशय आणि त्याचा दाह

यकृताच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटलेली ७ ते १० सेंटिमीटर लांबीची ही पिशवी साधारणतः ३० ते ५० मिलिलिटर पित्त साठवते. स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावून पित्त आतड्यात सोडते. पित्ताशयाच्या तीव्र दाहाचे कारण बहुतेक रुग्णांत खडाच असतो. प्रौढांमधील सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच खडा सापडत नाही. असे रुग्ण प्रायः अतिदक्षता विभागातील असतात : भाजलेले, मोठा अपघात झालेले, दीर्घकाळ तोंडाने अन्न न घेतलेले. पित्त साचून घट्ट होणे आणि पित्ताशयाचा रक्तपुरवठा मंदावणे ही त्यामागील मुख्य कारणे मानली जातात. विषाणुजन्य यकृतदाहाचा रुग्ण मात्र या वर्गात बसत नाही. तो बहुधा तरुण अथवा बालक असतो आणि आठवडाभरापूर्वीपर्यंत धडधाकट असतो.

या संदर्भातील वैद्यकीय नोंदी प्रामुख्याने हिपॅटायटिस ए विषाणूच्या आहेत. दूषित पाणी व अन्न यांतून पसरणाऱ्या या विषाणूचा शोध १९७३ मध्ये लागला. संसर्गानंतर १५ ते ५० दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. बी, सी आणि ई या प्रकारांच्या तसेच एप्स्टीन-बार विषाणूच्या संसर्गातही पित्ताशयदाहाची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

कारणमीमांसा

या दाहाचे एकच एक सर्वमान्य स्पष्टीकरण उपलब्ध नाही. पहिले मत असे, की विषाणू थेट पित्ताशयाच्या अंतःस्तरावर आघात करतो. पित्ताशयाच्या अंतःस्तरातील पेशींमध्ये हिपॅटायटिस ए विषाणूचे प्रतिजन आढळल्याची नोंद असल्याने या मताला आधार मिळतो. दुसऱ्या मतानुसार, आजारी यकृत पित्त कमी प्रमाणात तयार करते, पित्ताशयाची हालचाल मंदावते आणि शेजारच्या यकृताची सूज पित्ताशयाच्या भित्तिकेपर्यंत पसरते. रक्तातील अल्ब्युमिन घटणे आणि प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेतून सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होणे, हेही घटक सांगितले जातात. या मतांपैकी एकाची निवड करण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. एकाच रुग्णात एकाहून अधिक प्रक्रिया घडणे सहज शक्य आहे.

निदानातील पेच

येथे एक भेद काटेकोरपणे लक्षात घ्यावयास हवा. पित्ताशयाच्या भित्तिकेची जाडी सामान्यतः ३ मिलिमीटरपर्यंत असते. तीव्र यकृतदाहाच्या कितीतरी रुग्णांत सोनोग्राफीवर ती वाढलेली दिसते. डेंग्यूतही असे चित्र वारंवार आढळते आणि पावसाळ्यात दोन्ही आजार एकाच दवाखान्यात शेजारी शेजारी असतात. परंतु भित्तिका जाड दिसणे म्हणजे पित्ताशयदाह नव्हे. उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना, ताप, तसेच तेथे दाबले असता रुग्णाचा श्वास मध्येच अडणे (यालाच मर्फी यांचे चिन्ह म्हणतात) आणि पित्ताशयाभोवती द्रव, या गोष्टी एकत्र आल्या तरच दाहाचे निदान बळकट होते. सोनोग्राफीच्या अहवालातील एका ओळीवरून रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मेजावर नेणे धोक्याचे, ते यामुळेच.

उलट दिशेची चूकही संभवते. पोटदुखी व कावीळ दिसताच खड्याचा संशय बळावतो आणि यकृताकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी एएलटी हे विकर बरेच काही सांगून जाते. तीव्र विषाणुजन्य यकृतदाहात त्याची पातळी हजारांच्या घरात जाते. निव्वळ पित्ताशयदाहात ती सहसा इतकी चढत नाही. त्यापुढे आयजीएम वर्गातील प्रतिपिंडांची चाचणी विषाणूची ओळख पटविते. किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने केली जाणारी पित्तमार्गाची तपासणी मात्र येथे फारशी भरवशाची नाही, कारण आजारी यकृत ते द्रव्यच नीट शोषून घेत नाही.

उपचार आणि आहार

बहुसंख्य रुग्णांत यकृत सुधारू लागले की काही आठवड्यांत पित्ताशयही पूर्ववत होते. म्हणून शिरेवाटे द्रव, वेदनाशमन, गरजेनुसार प्रतिजैविके आणि पुन्हा पुन्हा तपासणी हाच प्रथम मार्ग होय. तीव्र यकृतदाह असताना शस्त्रक्रिया करणे जोखमीचे असते. रक्त गोठविणारे घटक यकृतातच तयार होत असल्याने रक्तस्रावाची भीती असते आणि भुलीच्या औषधांचा भारही यकृतावर पडतो. तथापि पित्ताशयाचा कोथ झाला अथवा ते फुटले, तर थांबणे प्राणघातक ठरू शकते. अशा प्रसंगी शस्त्रक्रिया अटळ होते; रुग्ण ती सोसण्याच्या स्थितीत नसेल, तर त्वचेतून नळी घालून पित्ताचा निचरा केला जातो. केव्हा थांबावे आणि केव्हा थांबू नये, याचा निर्णय दिवसातून अनेकदा पोट तपासणारा चिकित्सकच करू शकतो. तो एका अहवालावर सोपविता येत नाही.

महाराष्ट्रातील घरगुती पथ्याचाही येथे विचार व्हावा. काविळीच्या रुग्णाला तेल-तूप पूर्ण वर्ज्य करून केवळ उसाच्या रसावर व पातळ भातावर ठेवण्याची प्रथा आजही आहे. मळमळीमुळे रुग्णाला तेलकट नकोसे वाटते हे खरे. परंतु स्निग्ध पदार्थांवर सक्तीची बंदी घालण्यास आधुनिक वैद्यकात आधार नाही. दीर्घ उपवासाने पित्ताशयात पित्त साचून राहते हे अतिदक्षता विभागांतील अनुभवावरून ज्ञात आहे, तेव्हा रुग्णाला पचेल तितके नेहमीचे अन्न देणेच इष्ट. रस्त्यावरच्या रसात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न तर वेगळाच.

भारतात पूर्वी हिपॅटायटिस एचा संसर्ग बहुतेकांना बालपणीच, फारशी लक्षणे न दिसता होऊन जात असे व आयुष्यभराची प्रतिकारशक्ती लाभत असे. पाण्याची व स्वच्छतेची सोय सुधारलेल्या वस्त्यांत आता अनेक मुले या संसर्गावाचून वयात येतात. वाढत्या वयात हाच आजार अधिक तीव्र होतो. महाविद्यालयीन वसतिगृहांत राहणारा विद्यार्थी नेमका या वयोगटातला आहे. त्याच्यासाठी प्रतिबंधक लस उपलब्ध आहे आणि वसतिगृहाच्या टाकीतील पाण्याची वेळोवेळी तपासणी करून घेणे तर कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.