काच कोरडी नसते

पंचगंगेचा पूर ओसरला की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं : "लाकूड फुगलं, लोखंड गंजलं, काचेला मात्र काही होत नाही. धुतली की झाली नवी." २०१९च्या पुरानंतर हे ऐकलं, २०२१च्या पुरानंतरही ऐकलं. याच समजुतीचं शिकलेलं रूप असं : काच दीड हजार अंशांच्या भट्टीतून आलेली, तिच्यात पाणी उरेलच कसं?

आधी भट्टीचं पाहू. तापवलं की पाणी निघून जातं, हे पातेल्यापुरतं खरं. वितळलेली काच उलट भट्टीतली वाफ शोषून घेते. इंधन जळताना वाफ तयार होते, आणि धूळ उडू नये म्हणून वाळूचं मिश्रण मुद्दाम ओलसर ठेवलेलं असतं. त्यातली थोडी वाफ काचेत विरघळते. खिडकीच्या साध्या काचेत वजनाने दशलक्षात साधारण २०० ते ५०० भाग पाणी असतं. ४ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन १० किलो भरतं. ३०० भाग धरले तर तिच्यात ३ ग्रॅम पाणी आहे.

हे पाणी थेंबांच्या रूपात नसतं, म्हणून दिसत नाही आणि उन्हात ठेवून निघतही नाही. काचेच्या सांगाड्यात दोन सिलिकॉन अणूंना मधला ऑक्सिजन पुलासारखा जोडतो. पाण्याचा एक रेणू असा एक पूल तोडतो आणि दोन्ही तुटल्या टोकांना हायड्रॉक्सिल गट बसतात. सांगाडा तेवढा सैल होतो. वितळलेली काच अधिक प्रवाही होते आणि थंड काच तापवताना लवकर मऊ पडते.

यावर ठरलेला प्रश्न येतो : "एवढ्याशा पाण्याने काय होणार?" पुष्कळ होतं. शुद्ध सिलिका काचेत दशलक्षात हजारभर भाग हायड्रॉक्सिल असले, तर आतले ताण विरून जाण्याइतकी मऊ व्हायला तिला कोरड्या काचेपेक्षा सुमारे १०० अंश सेल्सिअस कमी तापमान पुरतं. ऑप्टिकल फायबरमध्ये हेच गट १३८३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतात, म्हणून ते जवळजवळ शून्यावर आणण्यासाठी कारखान्यांनी अपार खटपट केली. ज्वालामुखीच्या सिलिकायुक्त लाव्ह्यात काही टक्के पाणी मुरलं, की त्याचा घट्टपणा लाखो पटींनी घटतो. डोळ्यांनी पाहायचं असेल तर नर्सरीतलं पर्लाइट हातात घ्या. मूळची ती ज्वालामुखीची काच, २ ते ५ टक्के पाणी असलेली. ९०० अंशांच्या आसपास काच मऊ होते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा कित्येक पट फुगतो. काचेत पाणी नसतंच, तर हा दाणा कशाने फुगला?

आता पुराचं. बाहेरचं पाणीही तोच पूल तोडतं. काचेवरच्या सूक्ष्म चिरेवर ताण आला, की चिरेच्या टोकाशी पाण्याचा रेणू ताणलेला बंध तोडतो आणि चीर पुढे सरकते. हवा जितकी दमट, तितका तिचा वेग जास्त, हे वीडरहॉर्न या अमेरिकी संशोधकाने १९६७ साली मोजून दाखवलं.

दुकानातल्या काचांच्या थप्पीचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. दोन काचांमध्ये अडकलेलं पाणी काचेतलं सोडियम ओढून घेतं, त्याने ते अल्कधर्मी होतं आणि असं पाणी सिलिकाच विरघळवू लागतं. काचेवर इंद्रधनुषी झाक येते, पुढे पांढुरका डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. "मग खिडकी दर पावसाळ्यात भिजते, तिला काही होत नाही ते?" कारण तिच्यावरचं पाणी वाहून जातं, थप्पीतलं तिथेच मुरत बसतं.

कोल्हापूरला हे नवं वाटायला नको. डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलं. हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांच्या त्या कामात काचेचे मणी आणि बांगड्या मिळाल्या. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. ओल्या मातीत शतकं पडलेल्या काचेवर पापुद्रे धरतात, हे जगभरच्या उत्खननांत दिसलेलं आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

काच हा संथ वाहणारा द्रव आहे. नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या काचेसारखी काच बनवून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब : एक अब्ज वर्षांत फार तर १ नॅनोमीटर.

काचेतला बुडबुडा म्हणजे पाणी. नाही, तो वितळताना अडकलेला वायू आहे.

कंदिलाची तापलेली काच थेंब पडून तडकते, ती पाणी मुरल्यामुळे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील वापरलेल्या घरांत हे अनेकांनी पाहिलं असेल. पण ते तापमानातल्या अचानक फरकामुळे होतं.

तेव्हा पुरात काचांची थप्पी भिजली, तर "नंतर बघू" म्हणू नका. प्रत्येक काच सुटी करा, स्वच्छ पाण्याने धुवा, दोन्ही बाजूंनी पुसा आणि मध्ये कोरडा कागद घालून उभी ठेवा. हे पहिल्या काही दिवसांतच करायला हवं, कारण एकदा कोरला गेलेला पृष्ठभाग कोणत्याही साबणाने पूर्ववत होत नाही.