दार पडले, आता सोडायचे कुठे?

प्रवरेकाठच्या कोल्हार परिसरात पिंजरे दोन प्रकारचे. एक माळ्यावर पडलेला, उंदराचा. दुसरा उसाच्या बांधावर वन विभागाने लावलेला, बिबट्याचा. आकार सोडला तर करामत एकच: आमिष, खटका आणि धाडकन पडणारे दार.

परसबागेत धुडगूस घालणाऱ्या घुशीसाठी असा पिंजरा घरीही बनतो. जाड तारेच्या अर्धा इंची जाळीची लांबट पेटी, तोंडाशी पत्र्याचे सरकते दार, आत पायपट्टी आणि दोन्ही जोडणारी तार. पेटी आखूड झाली तर दार शेपटीवरच आदळते. आमिष पट्टीच्या पलीकडे ठेवायचे, पण जाळीला चिकटून नाही. नाहीतर ते बाहेरूनच ओढले जाते. उंदीर-घुशी नव्या वस्तूला बिचकतात. म्हणून सुरुवातीच्या काही रात्री दार बांधून ठेवावे आणि भज्याचा तुकडा, भाजके शेंगदाणे खुशाल खाऊ द्यावेत. हा पाहुणचार बहुतेक घरांत टाळला जातो आणि बोल पिंजऱ्याला लागतो.

पिंजरा सावलीत हवा, सकाळी लवकर पाहायला हवा. हातमोजे घालावेतच, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

खरी अडचण दार पडल्यानंतर सुरू होते. बिबट्यांच्या बाबतीत ती जुन्नरला कळली. तिथे पकडलेले बिबटे जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली आणि माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. कोल्हारच्याच अहिल्यानगर (तेव्हा अहमदनगर) जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेला ‘आजोबा’ बिबट्या माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तर गडी सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला!

घूस एवढी चालणार नाही. पण शेजाऱ्याच्या शेतात सोडली की उपद्रवाचा फक्त सातबारा बदलतो. इकडे खाणे तसेच राहिले तर रिकाम्या बिळात दुसरी येते. त्यामुळे गळालेले पेरू रोज उचलणे, पालापाचोळ्याचे ढीग हलवणे, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवणे हे पिंजऱ्याच्या आधीचे काम.

एखाद्या रात्री घुशीऐवजी उदमांजर अडकते. त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जखमी नसेल तर लांबूनच, तिथल्या तिथे दार उघडावे; जखमी असेल तर हात न लावता १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवावे.