मुंगीची वाट, लांडग्याचे नाव

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या केरी गावात पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्यांच्या रांगा घरोघरी निघतात. आजवर आम्ही त्यांच्याकडे वैतागानेच पाहत आलो. संगणकशास्त्रात संशोधन करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राने ती दृष्टी पालटली.

मुंगी जाता-येता वाटेवर गंधद्रव्य सोडते. जवळच्या वाटेवर फेऱ्या अधिक होतात, तेथील गंध दाट होतो आणि मागाहून येणाऱ्या तिकडेच वळतात. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९८९ साली आखूड-लांब अशा दोन फाट्यांचा पूल मांडून हे पडताळले. १९९२ साली मिलान येथे मार्को दोरिगो यांनी आपल्या प्रबंधात हीच रीत संगणकासाठी बेतली. एवढा खटाटोप कशाला, असे वाचक विचारतील. दहा गावे एकेकदा फिरून घरी परतायचे तर १,८१,४४० मार्ग संभवतात. पंधरा गावांचे ४,३०० कोटींहून अधिक! पन्नास गावांचे सारे मार्ग तपासणे संगणकाच्याही आवाक्याबाहेरचे. म्हणून काल्पनिक मुंग्या सोडायच्या. यातील खरी मेख आम्हास गंध उडून जाण्यात दिसते. तो उडाला नसता तर पहिल्या बऱ्यावाईट वाटेवरच सारी रांग खिळून राहिली असती.

पुढे १९९५ साली पक्ष्यांचे थवे आले, २००५ साली मधमाश्या, २०१४ साली लांडगे. सुरतेच्या आर. व्ही. राव व सहकाऱ्यांनी २०११ साली चक्क शाळेचा वर्गच घेतला : आधी सर्वांनी गुरुजींच्या पातळीकडे सरकायचे, मग एकमेकांकडून शिकायचे. (आमच्याकडे ही दुसरी पायरी बहुधा परीक्षेच्या वेळीच आठवते!)

परंतु प्राणी नवा म्हणून विचार नवा ठरत नाही. केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ साली या उपमांच्या हव्यासावर कडक टीका केली. २०२३ साली तर खुद्द दोरिगो व त्यांचे दोन सहकारी यांनी लांडगा, देवमासा, काजवा, वटवाघूळ इत्यादी सहा रीती तपासून दाखवले, की नावाचे कातडे सोलले की आत जुन्याच कल्पना निघतात.

आमच्या विद्यार्थ्यास आता केरीच्या वाळूतील कुर्ल्यांच्या नावाने रीत काढावयाची आहे. नव्या नावाचा निबंध लवकर छापला जातो आणि पदवी त्यावर अडली आहे, असे तो लिहितो. त्याची निकड आम्ही जाणतो. तरीही कळविले, की बाबा, कुर्ली काढून गणित तेवढे ठेव आणि नवे काय उरते ते आधी पाहा.

त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.