लाल बॅटरी पेटली, आता?

पुण्याहून सोलापूर महामार्गाने खुटबावला निघालात. यवत मागे पडलं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं. बहुतेकांना वाटतं, बॅटरी गेली. पण चालत्या गाडीत दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा असतो. कधी नुसती वायर सैल झालेली असते.

इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट देतो. तो थांबला, की सगळा भार सुमारे 12.6 व्होल्टच्या बॅटरीवर येतो. एसी, गाणी, मोबाइलचा चार्जर लगेच बंद करा. 60 वॅटचे दोन हेडलाइट एकटेच दहा अँपिअर ओढतात. तरी रात्री ते बंद करू नका. गाळपाच्या हंगामात या रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात!

लगेच इंजिन बंद करून बघायचा मोह टाळा, गाडी पुन्हा सुरू होईलच असं नाही. मात्र तापमानाचा काटा चढू लागला किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं, तर पट्टा तुटला असावा. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तेव्हा गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणंच बरं, नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च पडतो. बाकी वेळी जवळचं गॅरेज गाठा. यवत, चौफुला, केडगाव हाताशी आहेत. गाडी महामार्गावरच बंद पडली, तर मदतीसाठी 1033 लावा.