काचबिंदू आणि जस्ताचे विकर

काळेवाडीहून पवना ओलांडली की पिंपरी लागते. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड बेकर या नेत्रतज्ज्ञांनी, ॲसिटाझोलामाइड दिल्याने डोळ्यातील दाब उतरतो, हे प्रसिद्ध केले. पेनिसिलिनची महती या परिसराला सांगावयास नको. काचबिंदूवरील या औषधाची मात्र सांगावी लागते.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते व शस्त्रक्रियेने बहुधा दृष्टी परत मिळते. काचबिंदूचे तसे नाही. नेत्रगोलातील द्रवाचा दाब पुष्कळदा वाढलेला असतो, दृष्टिमज्जातंतू हळूहळू निकामी होतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. प्रथम कडेचे दिसेनासे होते, समोरचे मात्र स्वच्छ दिसत राहते. त्यामुळे चाकणच्या कारखान्यात दुचाकीने जाणाऱ्या कामगाराला बाजूचे वाहन दिसले नाही, तरी तो दोष आपल्या डोळ्यांना देत नाही. चाळिशीनंतर, आणि घरात कोणास हा विकार असल्यास त्याआधीही, दाब व मज्जातंतू तपासून घेणे अगत्याचे ठरते ते यासाठीच.

हा द्रव मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाच्या अंशाइतका, पाझरत असतो. त्याच्या निर्मितीस कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर, म्हणजेच एंझाइम, साहाय्य करते. या विकराच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. त्याच्या आधारे कर्बवायू व पाणी यांपासून बायकार्बोनेट बनते. मागोमाग सोडियम व पाणी डोळ्यात उतरते. ॲसिटाझोलामाइड नेमके त्या जस्ताला जाऊन चिकटते. जागा अडली की काम थांबते, द्रव कमी पाझरतो आणि दाब घटतो.

परंतु हेच विकर मूत्रपिंडातही असते. म्हणून गोळ्या घेणाऱ्यास हातापायांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे, क्वचित मूतखडा होणे असे त्रास संभवतात. डोळ्यात घालावयाचे डॉर्झोलामाइडचे थेंब १९९५ च्या सुमारास आले, तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली.

पुढे संशोधकांनी अशाच औषधांची जस्त, तांबे आदी धातूंशी संयुगे बनविली. सशांच्या डोळ्यांत त्यांतील काहींनी मूळ औषधापेक्षा दाब अधिक उतरविला. मात्र रुग्णाच्या हाती देण्याजोगे औषध त्यांतून अद्याप झालेले नाही. तांब्याच्या भांड्यातील पाणी डोळ्यात घालण्याशी तर या संशोधनाचा काडीचाही संबंध नाही.