परसबागेचा वार्षिक झाडा

दिवाळीत पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा व्हावयाची असते, त्यापूर्वी जुन्या वह्यांचे ताळेबंद मांडले जातात; आणि ज्या गृहस्थांच्या घरी व्यापार नाही, परंतु मागील दारी चार वाफे आणि गच्चीवर काही कुंड्या आहेत, त्यांनीही हा शिरस्ता पाळावा असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे. परसबागेविषयी लिहिणारे लोक एक तर फुलांच्या वर्णनात रमतात, नाहीतर खतांच्या मात्रांची कोष्टके देतात. सालअखेर जमेस काय आले, खर्ची काय पडले आणि जे बुडाले ते कोणाच्या खाती टाकावयाचे, याची रुजवात घेण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. पुण्यातील एका जुन्या घराच्या परसाचा आणि गच्चीचा, गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतचा, असा झाडा पुढे मांडीत आहे. पैशाच्या दृष्टीने तो तोट्याचा आहे हे आरंभीच सांगून टाकावे, कारण घरी पिकविलेल्या मेथीच्या जुडीवर बी, माती, कुंडी आणि पाणी यांचा आकार बसविला तर ती जुडी मंडईतील जुडीच्या शेजारी ठेवण्याचीही सोय राहत नाही. तो हिशेब शहाण्याने करू नये. दुसरा हिशेब मात्र अवश्य करावा, आणि त्यातून यंदा एकच गोष्ट वारंवार पुढे आली: खत आणि पाणी, ज्यांची आपण एवढी काळजी वाहतो, त्यांच्यापेक्षा ऊन आणि वेळ या दोन गोष्टींनीच बहुतेक यशापयशाचा निवाडा केला, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत.

वेळेविषयी बोलावयाचे तर शके १९४७ चे हे विश्वावसु संवत्सर स्मरणात राहील ते पावसाच्या अकाली आगमनामुळे. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या आणि मुंबईस ११ जूनच्या सुमारास, म्हणजे मृग लागल्यावर, यावयाचा. तो यंदा २४ मे रोजी केरळात उतरला आणि २६ मे रोजी, रोहिणी नक्षत्र नुकतेच लागलेले असताना, मुंबईत दाखल झाला. मुंबईपुरता याआधीचा दाखला १९५६ सालच्या २९ मेचा होता. त्यापूर्वीही मे महिन्यात वळवाने इतक्या वेळा हजेरी लावली होती की उन्हाळा संपला केव्हा आणि पावसाळा लागला केव्हा, याची सरहद्दच पुसून गेली. उकाडा टळला म्हणून शहरातील माणूस संतोष पावला. परंतु वैशाखाचे ऊन ही वाफ्यांना झालेली निष्कारण शिक्षा नव्हे. माती खणून, ढेकळे उलथून ती कडक उन्हात तापू दिली म्हणजे तणाचे बी, रोगट बुरशी आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी यांचा पुष्कळसा बंदोबस्त परभारेच होऊन जातो, आणि आपला शेतकरी उन्हाळी नांगरट करून जमीन उघडी ठेवतो तीही याच हेतूने. यंदा वाफे अर्धवट तापलेले असतानाच भिजले. त्याचा वसूल श्रावणात झाला. मिरचीची आणि वांग्याची धडधाकट दिसणारी रोपे दुपारी माना टाकू लागली, आणि उपटून पाहिली तेव्हा मुळांवर गाठीच गाठी आढळल्या. अशा वेळी पाणी कमी पडले असे समजून घरोघर आणखी पाणी घातले जाते, आणि मुळे ते ओढून घेण्यास असमर्थ झालेली असल्यामुळे ते पाणी मातीत साचून रोपाच्या मरणास हातभारच लावते. ज्या एका वाफ्यात आदल्या हिवाळ्यात झेंडू होता तेथील मिरची मात्र सुखरूप राहिली. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मानवत नाहीत हे कृषिशास्त्रज्ञांचे म्हणणे एरवी पुस्तकात वाचावयाचे, त्याचा प्रत्यय घरच्या घरी आला.

त्याच पावसाने आले कुजले आणि अळू माजले. हळद ही आल्याच्याच कुळातील. परंतु ती उताराच्या बाजूस होती, पाणी तिच्या पायाशी थांबले नाही, म्हणून गौरी-गणपतीच्या दिवसांत पातोळ्यांना पाने पुरवून ती अद्याप उभी आहे आणि तिचा कंद माघात निघेल. मोगऱ्याची हकीकत निराळी. थंडीत छाटणी करून आणि काही आठवडे पाणी तोडून त्याला अक्षरशः उपाशी ठेवले होते, त्याचे फळ म्हणून फाल्गुनअखेर आलेला पहिला बहर या वर्षातील सर्वांत निर्भेळ यश म्हणावे लागेल; पुढचा बहर मात्र मेच्या पावसात सापडला, कळ्या तांबूस पडून गळाल्या आणि झाड पाने काढण्याच्या नादी लागले. टोमॅटोविषयी माझे मत आता कायम झाले आहे. आश्विनात लावलेल्या रोपांनी थंडीत यथेच्छ फळे दिली. माघात लावलेली रोपे फुलावर आली त्या वेळी रात्रीही तापू लागल्या होत्या, आणि उष्णतेने पराग निकामी झाल्यावर फूल देठाशी पिवळे पडून गळते, त्याला कोणत्याही खताचा उतारा चालत नाही. त्यातून पांढऱ्या माशीने आणलेला पाने चुरडण्याचा रोग उन्हाळ्यातच बळावतो. उन्हाळी टोमॅटो हा पुण्यातील गच्चीचा विषय नव्हे, एवढा निकाल देऊन ही बाब दप्तरदाखल करावी.

उन्हाचे प्रकरण अधिक गहन आहे, कारण ऊन हे आपल्या डोळ्यांदेखत असूनही आपण त्याची मोजदाद कधी करीत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य मेच्या मध्यास बरोबर माथ्यावर असतो, तोच डिसेंबरच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर येतो. परिणामी जी कुंपणाची भिंत उन्हाळ्यात स्वतःच्या पायापुरतीही सावली धरीत नाही, तीच ऐन हिवाळ्यात दुपारीही उत्तरेच्या अंगास जवळजवळ आपल्या उंचीइतकी सावली पाडते. भिंतीच्या उत्तरेस असलेला वाफा गणपतीत पाहून ‘येथे उत्तम ऊन आहे’ असा शेरा मारावा आणि तेथे थंडीची भाजी पेरावी, तर मार्गशीर्षात तेथे केवळ बारीक, लांबट, फिकट कोथिंबीर हाती लागते. गेल्या हिवाळ्यात तेच झाले. उलट ओटीच्या दक्षिण बाजूस, जेथे उन्हाळ्यात झळ लागून काही जगत नाही, तेथे कलते ऊन आत शिरून मुळ्याने आणि पालकाने बहार केली. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे द्राक्षबागाइतदारांना आणि गृहिणींना सारख्याच आस्थेने जे शिकविले, त्याच्या मुळाशी पानांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा हिशेब होता. व्यवसायाने गणिताचे शिक्षक असलेला माणूस शेतीकडे वळला म्हणजे तो खताच्या गोणीपूर्वी पानाचे क्षेत्रफळ मोजतो, आणि ते मोजमाप आपल्या परसास लावून पाहण्याची तसदी आपण घेत नाही हे मला नेहमीच चमत्कारिक वाटते.

उन्हाचा अभाव जसा बाधतो तसा प्रकाशाचा अतिरेकही बाधतो, आणि याचा धडा यंदा शेवंतीने दिला. शेवंती ही रात्र लांबू लागली म्हणजे फुलावर येते. दिवसाच्या लांबीप्रमाणे वनस्पतीचे फुलणे ठरते हा सिद्धांत गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला, परंतु मार्गशीर्षातील गुरुवारांसाठी शेवंती लावणाऱ्या आपल्या बायकांना त्याचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या अवगत होता. गेल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी नवा, झगझगीत पांढरा दिवा लागला. पश्चिमेच्या कठड्यावरील शेवंतीच्या कुंड्या त्याच्या टप्प्यात आल्या. मार्गशीर्ष उलटला तरी त्या हिरव्यागार पानांनी लदलेल्या आणि कळीवाचून कोऱ्या. आणि त्याच मातीतील, त्याच खतावरील, एकाच झुडपाच्या मुनव्यांपासून केलेल्या मागील अंगणातील कुंड्या मात्र पिवळ्याजर्द फुलांनी झाकून गेलेल्या. मधल्या काळात पुढच्या कुंड्यांना शेणखत झाले, हाडांचा चुरा झाला, कोणी सांगितले म्हणून ताकही घालून झाले. उपाय अखेर एवढाच निघाला की उरलेल्या कुंड्या भिंतीआड, काळोखात नेऊन ठेवल्या, आणि काही आठवड्यांनी त्यांनी कळ्या धरल्या. शहरात अंधार हे एक दुर्मिळ खत होऊन बसले आहे. दिव्याविषयी तक्रार करावी तर रात्री जिन्याने उतरणाऱ्या म्हाताऱ्यांची त्या दिव्याला दुवा आहे, त्यामुळे ती फिर्याद दाखल होण्याजोगी नाही.

वेलांच्या बाबतीत वेळ ही घटकांवर येऊन ठेपते. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि सकाळ चढली की मिटते. घोसाळे पहाटेच फुलते, पण त्याचाच भाऊबंद जो दोडका, तो दिवस कलल्यावर पिवळी फुले उघडतो, आणि दुधीचे पांढरे फूलही संध्याकाळचेच. सकाळी फेरी मारणाऱ्या गृहस्थास दोडक्याचा फुलोरा कधी उघडा दिसत नाही, आणि मधमाशा विरळ झालेल्या वस्तीत इवल्या फळासह आलेली मादी-फुले पिवळी पडून गळू लागली म्हणजे तो रोगाची औषधे शोधू लागतो. वस्तुतः रोग काही नसतो. परागाची भेट चुकलेली असते. आमच्याकडे दोडक्याचे नर-फूल खुडून मादी-फुलाच्या मुखाशी टेकविण्याचे काम यंदा दिवेलागणीच्या आधी घरातील मुलांवर सोपविले गेले, आणि त्यांनी ते इतक्या इमानाने केले की भाद्रपदात दोडके शेजारी वाटावे लागले. भोपळ्याच्या बाबतीत पहाटे उठण्यास कोणी तयार होईना. भोपळा एकच धरला. कारल्यांवर फळमाशीने हल्ला चढविला; गंधाचा सापळा टांगण्यास उशीर झाल्यामुळे निम्मी कारली आतून किडली, याहून त्याबाबत अधिक लिहिण्यासारखे नाही.

किडीच्या खात्यात एक नोंद मात्र अशी आहे की ती नावे टाकावी की जमेस धरावी याचा निर्णय माझ्याने झालेला नाही. कागदी लिंबाच्या कोवळ्या फुटीवर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि पुढे पानासारख्याच हिरव्या होणाऱ्या अळ्या बसतात. बोट लावताच डोक्यामागून तांबूस दुबेळके शिंग काढून उग्र दर्प सोडतात. आणि बघता बघता झाड खराटा करून टाकतात. यांतील काही लिंबाच्या नेहमीच्या फुलपाखराच्या असतात, काही कढीलिंबावरही वाढणाऱ्या काळ्या फुलपाखराच्या. परंतु ब्ल्यू मॉर्मन या ज्या निळ्या-काळ्या फुलपाखरास २०१५ साली महाराष्ट्राने राज्य-फुलपाखराचा मान दिला, त्याची अळीही लिंबूवर्गावरच पोसते. राजमान्य पाहुण्यावर निंबोळी अर्काचा फवारा मारण्याचे धैर्य होईना. मोठ्या झाडास फूट सोसवते, म्हणून त्याच्यावरील अळ्या राहू दिल्या आणि कुंडीतील लहान कलमावरील तेवढ्या उचलून तिकडे नेऊन सोडल्या. यंदा लोणच्यापुरतीही लिंबे झाली नाहीत. फुलपाखरे पुष्कळ झाली.

खताविषयी थोडक्यात. स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि वाळका पालापाचोळा यांचा ढीग हा या बागेचा एकमेव खजिना होय, आणि तो दुर्गंधी सुटू न देता कुजविण्याची जी पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पसरली, तिच्या १९३१ सालच्या मूळ ग्रंथावर अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, याचा आपल्याकडे विसर पडलेला दिसतो. ओल्यावर कोरड्याचा थर आणि मधूनमधून उलथापालथ, एवढेच तिचे मर्म. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, म्हणून तो पानगळीतच पोत्यांत भरून ठेवावा लागतो. यंदा पाऊस लवकर आल्यामुळे पोतीच भिजली आणि आषाढभर ढिगाने घरातील मंडळींची बोलणी खाल्ली.

झेंडूने दसऱ्यास दगा दिला नाही हे विशेष, कारण भाद्रपदअखेर आणि नवरात्रात मराठवाड्यात व सोलापूर भागात जो पाऊस कोसळला त्याने शेतेच्या शेते पाण्याखाली गेली. त्या मानाने आमच्या काही भिजलेल्या, अर्धवट कुजलेल्या फुलांचे दुःख उच्चारणेही शोभणारे नाही. ज्याचे पोट त्या शेतावर आहे त्याचा पाऊस आणि ज्याची हौस कुंडीत आहे त्याचा पाऊस एक नव्हे, हे भान परसबागेवर लिहिणाऱ्याने सोडू नये.

शेवटची बाब बियाण्याची. पाकिटातील संकरित बियाणे पहिल्या वर्षी उत्तम येते, परंतु त्याच्या फळातील बी पेरले असता संतती आईबापांवर जाईलच याची हमी राहत नाही, आणि दरसाल नवे पाकीट घेणे भाग पडते. वाल, पावटा, घेवडा यांचे तसे नाही. या जाती बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे चांगल्या वेलावरील शेंगा वाळू देऊन, राखेत घोळून डब्यात भरल्या की पुढील वर्षी तेच वाण परत मिळते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आयुष्यभर केले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेक शहरी घरांना आपल्या आजीच्या फडताळातील पुरचुंड्यांची आठवण झाली असेल. आमच्या परसातील यंदाचा पावटा असाच पुरचुंडीतला होता. ना त्याच्यावर मावा टिकला, ना त्याने अकाली पावसाची पर्वा केली.

मांजरीच्या गोल वांग्याचे मात्र गावरान बी यंदा कोठेही हाती लागले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या परसात ते अजून टिकून असेल त्यांनी एखाद-दुसरे फळ झाडावरच पिवळे होईपर्यंत राखावे, दुसऱ्या जातीची वांगी त्याच्या जवळ लावू नयेत, आणि बी धुऊन सावलीत वाळवून आप्तेष्टांत वाटावे. कोरड्या जागी ठेवलेले वांग्याचे बी तीन-चार वर्षे सहज उगवते.