लाल रेघेचा दरारा

शुद्धलेखन हा माझ्या पोटापाण्याचा विषय. शासनाने १९६२ साली मान्य केलेले नियम मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांखाली लाल रेघा ओढीत आलो आहे. अशा माणसाच्याच लेखनाखाली संगणकाने लाल रेघा ओढाव्यात, याला काय म्हणावे?

घरच्या संगणकावर मी लिबरऑफिस वापरतो. त्यात हौसेने मराठी शब्दकोश बसवून घेतला आणि लिहायला बसलो, तो काय! 'आहे' चूक, 'झाले' चूक, 'माझा' चूक! पान सगळे लालीलाल. सौ. मागून डोकावली आणि म्हणाली, "बरे झाले, तुम्हालाही कोणी मास्तर भेटला!"

झाले! संतापाच्या भरात मी एकेका शब्दावर 'अ‍ॅड टू डिक्शनरी'चा हुकूम सोडीत सुटलो. 'हा शब्द बरोबर आहे, मुकाट्याने कोशात घाल,' असा त्या हुकुमाचा अर्थ. पन्नास-साठ शब्द असे घातले, पुरते न वाचताच.

चार दिवसांनी पुतण्या आला. पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, 'पुस्तक', 'समाज', 'जीवन' यांच्याखाली रेघ नाही, पाहिलंत का? हिंदीत चालणारे शब्द तेवढे सुटले आहेत!" पडद्याच्या तळाशी भाषेचे नाव असते, तेथे चक्क 'हिंदी' होते. माझा कळफलकच हिंदीचा! लिपी दोघींची एक. भाषा कोणती, हे यंत्राला आपणच सांगावे लागते. त्याने 'टूल्स'मधल्या 'लँग्वेज'मध्ये जाऊन 'फॉर ऑल टेक्स्ट'ला मराठी निवडले, पुढच्या लेखनासाठी 'ऑप्शन्स'मध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी केली, आणि कळफलकही मराठी करून दिला. तेथे भाषेच्या नावाशेजारी 'एबीसी'ची खूण नसेल, तर शब्दकोश बसलेलाच नाही असे समजावे. बहुतेक रेघा नाहीशा झाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझी एक विद्यार्थिनी एम.ए.चा लघुप्रबंध लिहीत होती. तिच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. घरी संगणक नसल्यामुळे माझ्याकडे येऊन ती टंकलेखन करी. प्रती बांधून आल्या, तेव्हा पहिल्याच पानावर, ऋणनिर्देशात, वाक्य होते : 'आईचा आशिर्वाद पाठीशी होता.' 'शी' ऱ्हस्व! मी जरा रागावूनच विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "मला शंका आली होती, सर. पण तुमच्या संगणकावर लाल रेघ आली नाही. म्हटलं, बरोबरच असेल."

मी वरमलो. त्या संतापाच्या दिवशी मीच कुठल्याशा पत्रात घाईने 'आशिर्वाद' लिहिले होते आणि मीच ते कोशात घातले होते! 'ऑप्शन्स'मधल्या 'रायटिंग एड्स'मध्ये आपण घातलेल्या शब्दांची यादी असते. 'स्टँडर्ड' नावाच्या त्या यादीत तो शब्द ऐटीत बसला होता. ही यादी सर्व भाषांना लागू असते, म्हणून भाषा बदलली तरी चूक शाबूत राहिली. तो शब्द खोडला, प्रत्येक प्रतीचे पहिले पान पदरच्या खर्चाने बदलून घेतले.

या तपासनिसाचे नाव हन्स्पेल. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी तो हंगेरियन भाषेसाठी घडविला. एका यादीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम, अशी त्याची रचना. म्हणून 'घर' ठाऊक असले, की नियमांच्या आधारे 'घराला', 'घरातून' हेही त्याला ओळखता येतात. प्रत्ययबहुल मराठीला हे सोयीचेच. पण त्याला कळते ते इतकेच, की शब्द यादीत बसतो की नाही. 'महाराष्ट्र दिन'ऐवजी 'महाराष्ट्र दीन' लिहिले, तरी तो हूं की चूं करणार नाही. कारण 'दीन' हाही शब्द खराच!

त्या मुलीची शंका खरी होती; मात्र यंत्राच्या गप्प बसण्याने ती दबली, आणि ते यंत्र माझ्या घरातले होते. आता मी वर्गात सांगतो : रेघ आली तर विचार करा, आणि रेघ नसली तरी शंका आल्यास कोश उघडा. शंका येणे हीच शुद्धलेखनाची पहिली पायरी.

हा लेखही छापायला देण्यापूर्वी कागदावर उतरवून त्याच मुलीकडून वाचून घेतला आहे. तिने तीन चुका काढल्या. लाल शाईने!